फ्लाइटगिअरच्या स्वयंसेवकांनी सीनरीवर एवढा वेळ घालवावा का?

नैऋत्य (धागाकर्ता)

फ्लाइटगिअर हे मुक्तस्रोत विमान-सिम्युलेटर. १९९६ साली त्याचा प्रस्ताव मांडला गेला, १९९७ पासून कर्टिस ओल्सन यांच्या पुढाकारानं प्रत्यक्ष काम सुरू झालं, आणि तेव्हापासून ते स्वयंसेवकांच्या बळावर चालू आहे. परवाना जीपीएल, म्हणजे कोणीही वापरा, बदला, वाटा.

माझं मत स्पष्ट सांगतो. सीनरी, म्हणजे सिम्युलेटरमध्ये विमानाखाली दिसणारी जमीन आणि इमारती. त्यासाठी एकेक टर्मिनल, एकेक पूल ब्लेंडर या त्रिमितीय आकार घडवण्याच्या साधनात घडवत बसण्याचे दिवस संपले. ऑगस्ट २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनं नवा फ्लाइट सिम्युलेटर आणला तो बिंगची उपग्रहचित्रं आणि सुमारे दोन पेटाबाइटचा साठा घेऊन. त्या शर्यतीत मोकळ्या वेळात काम करणारी माणसं कधीच पुढे जाणार नाहीत, आणि जायची गरजही नाही.

आपली ताकद वेगळीच आहे. त्याच महिन्यात डार्पा या अमेरिकेच्या संरक्षण-संशोधन संस्थेनं अल्फाडॉगफाइट या सिम्युलेटरमधल्या हवाई लढतींच्या स्पर्धेची अंतिम फेरी घेतली. संगणकानं चालवलेल्या एफ-१६ नं अनुभवी वैमानिकाला ५-० असं हरवलं. त्यातल्या विमानांचं उड्डाणगणित होतं जेएसबीसिमचं, म्हणजे फ्लाइटगिअरमधली कितीतरी विमानं ज्यावर उडतात तेच. पंखाचा उद्वाह (वर उचलणारं बल), ओढ (हवेचा विरोध), बलाघूर्ण (विमान वळवणारा परिणाम) सगळं एक्सएमएल या वाचता येणाऱ्या मजकुराच्या फायलीत उघडं लिहिलेलं असतं. विद्यार्थी आकडा बदलून परिणाम पाहू शकतो. बंद सिम्युलेटरमध्ये हे इतकं मोकळेपणानं करता येत नाही. माणसं कमी असताना त्यांचा वेळ इथं लागावा.

---

सह्यकडा

पूर्ण असहमत. सीनरीला तुम्ही शोभेची वस्तू समजताय. नजरेनं उडणाऱ्या वैमानिकाला तीच दिशा दाखवते. नदीचं वळण, रेल्वेचा मार्ग, धरणाची भिंत, डोंगराची धार. यातलं काही चुकलं तर तुमचं उड्डाणगणित कितीही अचूक असो, सराव खोटाच.

आपल्याकडचंच बघा. जमिनीच्या उंचीची माहिती प्रामुख्यानं आली ती एसआरटीएम या अवकाशातून जमीन मोजणाऱ्या मोहिमेतून. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानानं अकरा दिवस रडार फिरवून जगाचा सुमारे ८० टक्के भूभाग मोजला. अमेरिकेबाहेर बरीच वर्षं ती माहिती ९० मीटरच्या जाळीत, म्हणजे दर ९० मीटरला एक उंची अशी, मिळायची. ३० मीटरची खुली होऊ लागली २०१४ नंतर. ९० मीटरच्या जाळीत खंडाळ्याच्या नागफणीचं काय उरणार? टोक जातं, कडा उतार होऊन बसतो. त्यात टेरागिअर हे सीनरी बांधणारं साधन भूभागाचे त्रिकोण पाडताना आणखी काही बिंदू गाळतं. ज्यानं बोरघाट डोळ्यांनी पाहिलाय त्याला पडद्यावर घाट ओळखूच येत नाही.

जमिनीवर काय आहे, शेत की जंगल, हे युरोपात कोरिन नावाच्या खुल्या नोंदीतून कळतं. आपल्या भागासाठी वर्षानुवर्षं व्हीमॅप-० चा आधार होता, म्हणजे दहा लाखास एक प्रमाणाचा नकाशा. ही उणीव डार्पा भरून काढणार नाही. इथल्या जमिनीची ओळख असलेल्या माणसालाच ते करावं लागेल.

---

मुक्तस्रोत

दोघांच्याही लक्षात आणून देतो की ज्या चकचकीत सिम्युलेटरशी तुलना चालली आहे, तोही स्वयंसेवकांच्या नोंदींवर उभा आहे. २०२० मध्ये मेलबर्नच्या एका उपनगरात त्यात २१२ मजल्यांचा सुळका उभा राहिला होता. कारण काय, तर ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या खुल्या नकाशावर कोणीतरी २ मजल्यांच्या जागी २१२ टंकलं होतं. नकाशावर ती चूक दुरुस्तही झाली होती, पण जुनी प्रत घेतली गेल्यानं इमारत राहिली. हजारो कोटींच्या कंपनीला जी माहिती लागते, ती कोणीतरी रात्री जेवणानंतर बसून भरलेली असते. म्हणून "आपण त्या शर्यतीत नाही" हे मला पटत नाही.

परवान्याबद्दलही थोडं. गूगलच्या चित्रांवरून गिरवलेली सीनरी फ्लाइटगिअरमध्ये घेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण ओपनस्ट्रीटमॅपसाठी बिंगच्या चित्रांवरून गिरवायला मायक्रोसॉफ्टनं २०१० मध्येच परवानगी दिली आहे. तिथं इमारत आखली की ओएसएम२सिटी हे साधन तिचं त्रिमितीय रूप तयार करतं. रस्ते, विजेच्या तारांचे मनोरेसुद्धा. मार्ग कायदेशीर आहे आणि कोणालाही खुला आहे.

---

नैऋत्य

@मुक्तस्रोत, मेलबर्नचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर मजल्यांचा आकडा नीट भरला तर त्याचा उपयोग फ्लाइटगिअरला, मायक्रोसॉफ्टला, रुग्णवाहिकेच्या नकाशाला, सगळ्यांना. ब्लेंडरमध्ये घडवलेलं टर्मिनल मात्र एकाच सिम्युलेटरमध्ये अडकून पडतं. विमानतळांच्या आराखड्यांचंही तेच. एक्स-प्लेन हे सिम्युलेटर विकत घ्यावं लागतं, पण लोकांनी आखलेल्या धावपट्ट्या आणि टॅक्सीवेचा त्यांचा साठा जीपीएलखाली आहे, म्हणून तो फ्लाइटगिअरला वापरता येतो. काम करायचंच तर मूळ झऱ्यावर करा.

@सह्यकडा, घाटाचं दुःख मान्य. पण त्यावरचा उपाय चांगली उंचीची माहिती हाच आहे, हातानं घडवलेली नागफणी नव्हे.

---

उलवेकाठ

"मूळ झऱ्यावर करा" हे ऐकायला बरं वाटतं. आता नवी मुंबईचा विमानतळ घ्या. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानं सुरू झाली. त्यासाठी उलव्याची सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी फोडली, नदीचं पात्र वळवलं, खाजणात भराव घातला. आमच्या डोळ्यांसमोर तिथला भूगोल बदलला.

एसआरटीएमच्या रडारनं २००० साली जे पाहिलं त्यात ती टेकडी जागेवर आहे. युरोपच्या कोपर्निकस उपग्रह-कार्यक्रमाची नवी ३० मीटरची माहिती घ्यावी म्हटलं, तर तिची मोजणी २०११ ते २०१५ मधली. टेकडी फुटली त्यानंतर. आणि ओपनस्ट्रीटमॅप? तिथं धावपट्टीची रेघ अचूक मिळेल, पण जमिनीची उंची तो नकाशा साठवतच नाही. टेरागिअर धावपट्टीखालच्या उंचीवरून एक सलग पृष्ठभाग बसवतं. खाली टेकडी असेल तर पृष्ठभागही फुगणारच.

म्हणजे कोणीतरी बसून सीनरीच्या त्या तुकड्याची उंची हातानं सपाट करायची, तुकडा पुन्हा बांधायचा, उडून बघायचं. हे काम आपोआप होणाऱ्यातलं नाही. आणि ते कोण करणार? ज्यानं ती टेकडी होती तेव्हाही पाहिली आणि गेल्यावरही, त्याच्याइतकं चटकन कोणाच्या लक्षात येईल?

---

मेघमल्हार

नैऋत्य, तुमच्या मांडणीत एक गृहीतक आहे आणि ते मला मुळातच चुकीचं वाटतं. स्वयंसेवकांचा वेळ म्हणजे सरकारी अंदाजपत्रक नव्हे, की या खात्यातून काढला आणि त्या खात्यात टाकला. ज्याला आपल्या गावची धावपट्टी आखायची हौस आहे त्याला तुम्ही सी++ कोडमधला दोष शोधायला बसवू शकत नाही. अडवलंत तर तो जेएसबीसिमकडे वळणार नाही, निघून जाईल.

खरी टंचाई तपासणाऱ्यांची आहे. नवी सीनरी किंवा नवा कोड आला की कोणीतरी तो वाचायचा, चालवून पाहायचा, परवाना तपासायचा, मग मुख्य शाखेत घ्यायचा. हे कौतुक न मिळणारं काम मोजक्या माणसांच्या खांद्यावर पडतं. दृश्य रेखाटणारी पीलिब ही जुनी प्रणाली सोडून ओपनसीनग्राफवर जाण्याचं प्रचंड काम अशाच माणसांनी निभावलं. २००८ च्या अखेरीस १.९ आवृत्ती त्यावर आली. त्या पिढीतल्या कोणाला "तुझा वेळ इथं नको, तिथं घाल" असं सांगितलं असतं तर आज आपण या विषयावर बोलत नसतो.

---

नैऋत्य

मेघमल्हार, कोणाला अडवा असं मी म्हणत नाही. नव्यानं येणाऱ्याला पहिलं काम कोणतं सुचवायचं, हा माझा प्रश्न आहे, आणि माझं उत्तर बदललेलं नाही. आधी ओपनस्ट्रीटमॅप, मग विमानाच्या फायली, टर्मिनलच्या काचा सगळ्यात शेवटी. अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांत फ्लाइटगिअर नुसतं दृश्य दाखवायला जोडतात, गणित मॅटलॅब या वेगळ्या गणिती प्रणालीत चालतं. त्यांना टर्मिनल दिसलं नाही तरी चालतं.

उलवेकाठ यांचं काम मात्र मी सजावटीत धरत नाही. धावपट्टीची उंची चुकली तर उतरण्याचा सरावच चुकतो. भारताच्या एआयपीमध्ये, म्हणजे वैमानिकांसाठीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत, धावपट्टीच्या दोन्ही टोकांची उंची छापलेली असते. तिच्यावरून सपाटी ठरवता येईल.

---

उलवेकाठ

टोकांची उंची मिळेल, पण मधल्या भरावाचं आणि टेकडीच्या उरलेल्या कडेचं काय? विमान उतरताना वैमानिकाला ती कड बाजूला दिसते. ती कुठं संपते हे एआयपीच्या दोन आकड्यांत नाही. त्यासाठी रस्त्यावर उभं राहून बघावं लागेल, आणि तेवढं मी करेन. तुकडा बांधून झाला की तपासायला कोण बसतंय ते सांगा. मेघमल्हार म्हणतात ती टंचाई मला त्या दिवशी भासणार आहे.