मदत हवी आहे : फिलाडेल्फियाच्या भालाईत रिसाल्यातील एका स्वाराचा शोध

नमस्कार मंडळी,

अमेरिकी यादवी युद्धाच्या (1861-65) लष्करी दप्तरांत एखाद्या सैनिकाचा माग काढण्याचा अनुभव येथे कोणाला असेल, तर मला मार्गदर्शन हवे आहे.

आम्ही फिलाडेल्फियाजवळ राहतो. आमच्या शेजारच्या आजींचे पणजोबा उत्तरेच्या घोडदळात होते आणि ते भालाईत होते, असे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. मात्र आजींनी जपून ठेवलेल्या सेवामुक्तीच्या कागदावर (चार घड्यांचा, घडीवर विरलेला, शाई तपकिरी पडलेली) ‘दुसरी प्रोव्हिजनल कॅव्हलरी’ (म्हणजे तात्पुरते घोडदळ) एवढाच उल्लेख आहे आणि भाल्याचा कोठे मागमूसही नाही. आजी आता थकल्या आहेत. त्यांच्या हयातीत हा उलगडा व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आतापर्यंत मला जे समजले ते असे. भाले घेऊन लढणारा रिसाला म्हणजे 6वी पेनसिल्व्हेनिया कॅव्हलरी. कर्नल रिचर्ड रश यांनी 1861 मध्ये फिलाडेल्फियात ही स्वयंसेवक रेजिमेंट उभी केली. उत्तरेचे सेनापती मॅक्लेलन हे रश यांचे वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतील 1846 च्या तुकडीचे सहाध्यायी. क्रिमियन युद्धाच्या वेळी युरोपातील सैन्ये मॅक्लेलन यांनी जवळून पाहिली होती आणि या रेजिमेंटला भाले द्यावेत ही सूचना त्यांचीच. भाला नऊ फूट लांब, दांडा नॉर्वेच्या फर लाकडाचा, अकरा इंचांचे तीन धारांचे पाते आणि त्याखाली लाल निशाण. संचलनात हे दृश्य फार देखणे दिसत असणार, पण व्हर्जिनियाच्या दाट रानात, वेली आणि फांद्यांच्या जाळीतून हे नऊ फुटी लाकूड सांभाळत घोडा हाकायचा म्हणजे स्वाराची केवढी ओढाताण होत असेल! शिवाय या युद्धात घोडदळ वरचेवर पायउतार होऊन झाडाआडून बंदुकीने लढे, आणि तेथे भाल्याचा काहीच उपयोग नव्हता. अखेर मे 1863 मध्ये भाले परत केले गेले आणि स्वारांच्या हाती शार्प्स कार्बाइन (आखूड नळीच्या बंदुका) आल्या. पुढच्याच महिन्यात, 9 जूनला, ब्रँडी स्टेशनच्या लढाईत हेच स्वार सेंट जेम्स चर्चजवळच्या दक्षिणेच्या तोफांवर उघड्या मैदानातून चालून गेले. त्यांचे मेजर रॉबर्ट मॉरिस पकडले गेले आणि दक्षिणेची राजधानी रिचमंड येथील लिबी तुरुंगात वारले.

शोधात दोन ठिकाणी घोटाळा होतो. एक म्हणजे, पेनसिल्व्हेनियाने आपल्या सगळ्या रेजिमेंटांना एकच सलग क्रमांक दिल्यामुळे ही घोडदळाची सहावी रेजिमेंट राज्याच्या यादीत 70वी म्हणून येते. मी ‘सहावी’ म्हणून शोधत राहिले आणि भलत्याच पायदळाच्या याद्या चाळण्यात माझे दोन शनिवार गेले. दुसरा घोटाळा जास्त अवघड आहे. जून 1865 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या पहिली, सहावी आणि सतरावी अशा तीन घोडदळ रेजिमेंटा एकत्र करून ‘दुसरी प्रोव्हिजनल’ बनवली गेली. म्हणजे आजींचे पणजोबा या तिघींपैकी कोणत्याही रेजिमेंटमधून आलेले असू शकतात, आणि त्यांच्या आडनावाचे स्वार तिन्ही याद्यांत आहेत.

तर माझा मुख्य प्रश्न असा : वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून एकत्रीकरणापूर्वीची सेवानोंद मागवताना जुन्या रेजिमेंटचे नाव लिहावे की नव्या? की पेन्शनच्या सूचीपासून सुरुवात करावी, कारण तिच्या कार्डावर सैनिकाच्या सेवेतील सर्व तुकड्या लिहिलेल्या असतात? पेन्शन विधवेने घेतली असेल, तर कार्ड पतीच्या नावाखाली पाहावे ना?

दुसरी विनंती भाषेसंबंधी आहे. हे सारे मी आमच्या मंडळाच्या अंकासाठी मराठीत लिहीत आहे. ‘रेजिमेंट’ला मी ‘पलटण’ लिहिले होते, पण पलटण म्हटले की पायदळच डोळ्यांपुढे येते, म्हणून ‘रिसाला’ केले. ‘स्वयंसेवक’ शब्दही मला खटकतो, कारण हे लोक तीन वर्षांच्या कराराने, महिना 13 डॉलरवर भरती झालेले होते; फुकट सेवा करणारे नव्हते. उत्तरेचा स्वार सरकारी घोड्यावर बसे, म्हणून तो बारगीर. दक्षिणेचा स्वार स्वतःचा घोडा आणी आणि त्याबद्दल दिवसाला 40 सेंट घेई, म्हणून तो शिलेदार, असे लिहिले तर मराठेशाहीचा अभ्यास असणाऱ्यांना ते पटेल का? मला ही जोडी फार नेमकी वाटते, पण या शब्दांना चिकटलेला वतन-सरंजामाचा अर्थ वाचकाची दिशाभूल करील, अशी शंकाही येते.

गेटिसबर्गच्या दक्षिणेला या रेजिमेंटचे स्मारक आहे, त्याभोवती भाले उभे केलेले आहेत. त्याचा आराखडा फ्रँक फर्नेस या वास्तुविशारदाचा. फिलाडेल्फियाची ललित कला अकादमी बांधणारे तेच, आणि या रेजिमेंटचे कॅप्टनही तेच. जून 1864 मध्ये ट्रेव्हिलियन स्टेशनला गोळीबाराखालच्या उघड्या जागेतून दारूगोळ्याची पेटी वाहून नेऊन त्यांनी पुढच्या चौकीला पोहोचवली आणि त्यासाठी पुढे त्यांना मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. पुढच्या महिन्यात आजींना तेथे घेऊन जायचे ठरले आहे. त्याआधी सेवानोंदीचा अर्ज पाठवायचा आहे, म्हणून निदान पहिल्या प्रश्नाचे उत्तर लवकर मिळाले तर फार उपकार होतील.