जुन्या स्विफ्टला १५ इंची अलॉय: १९५/५५ घ्यावा की १८५/६५?

होटगीरोडकर
गाडी २००९ ची स्विफ्ट डिझेल. कंपनीची साइझ १६५/८० आर १४, स्टीलच्या रिम. भाच्याने स्वतःची गाडी विकताना काढून ठेवलेले १५ इंची अलॉय मला दिले. चार नटांचे, ४×१०० (म्हणजे चार नट १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर), सहा इंच रुंद. बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून घेतले, चारही सरळ आहेत. जुन्या टायरची नक्षी अजून शिल्लक आहे, पण कडेला बारीक भेगा पडल्यात, त्यामुळे नवे घ्यायचेच होते.

टायरवाला म्हणतो, १९५/५५ टाका, गाडी भरलेली दिसते आणि माल आत्ता दुकानात आहे. मी १८५/६५ वर अडून बसलोय. हिशोब सोपा आहे. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिमी, ही रबराची उंची. वरची-खालची मिळून २६४, त्यात १४ इंचाचे ३५५.६ मिळवले की चाक ६१९.६ मिमीचं. १८५/६५ आर १५ चं चाक येतं ६२१.५, म्हणजे दोन मिमीचा फरक. १९५/५५ चं येतं ५९५.५. चोवीस मिमी कमी! गाडी बारा मिमी खाली बसणार आणि मीटर चार टक्के जास्त दाखवणार. सोलापूर-पुणे २५० किमी धरलं तर मीटरवर २६० दिसतील. ॲव्हरेज वाढलं म्हणून माणूस खूश होईल, पण डिझेल तेवढंच जळलेलं असेल.

पण माझा हट्ट आकड्यांसाठी नाही. गेल्या मे महिन्यात मेहुण्याच्या गाडीतून तुळजापूरहून परत येत होतो. त्याचे टायर ५५ चे. अंधारात एक खड्डा चुकला नाही, दणका बसला, पण हवा गेली नाही म्हणून तसेच घरी आलो. सकाळी चाक धुताना आतल्या बाजूला माझ्या हाताला काहीतरी लागलं. लिंबाएवढा फुगा. आतले धागे तुटले होते आणि नुसतं वरचं रबर हवा धरून होतं. त्या गाडीत मागे बहीण आणि दोन पोरं बसली होती. तेव्हापासून रिम आणि रस्ता यांच्यात जितकं रबर ठेवता येईल तितकं ठेवायचं, हे माझं मत पक्कं आहे. चुकत असेन तर सांगा.

विजापूर_वेस
काका, ५५ ला उगाच बदनाम करताय. माझ्या जुन्या स्विफ्टला तीन वर्षं १९५/५५ आर १५ आहेत, एकदाही फुगा आला नाही. खड्ड्यात टायर फुटतो तो बहुतेक वेळा हवा कमी असते म्हणून. पुणे हायवेला शंभरच्या वेगात लेन बदलताना जुन्या १६५ वर गाडी डुलायची, आता रुळावर असल्यासारखी जाते. ब्रेकही आधी लागतो. याला तुम्ही सेफ्टी म्हणणार नाही का? आणि परदेशात हीच स्विफ्ट १८५/६० आर १५ वर विकली गेली. म्हणजे साइडवॉल (टायरच्या कडेची उंची) कमी केली तर गाडी मोडते असं कंपनीलाही वाटत नव्हतं.

होटगीरोडकर
रुंद टायरची पकड जास्त, हे मान्य. पण १८५/६० चं चाक सुद्धा ६०३ मिमीचं येतं, तुमच्यापेक्षा साडेसात मिमी मोठं. आणि ते तिथल्या रस्त्यांसाठी होतं. आपल्याकडे कंपनीने काय केलं बघा. २०११ मध्ये नवी स्विफ्ट आली तेव्हा खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ आणि वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ दिला. ज्यांनी गाडी बनवली त्यांनीच या दोन साइझची जोडी लावली. मी नवीन काही शोधलेलं नाही.

बाळे_गॅरेज
मालक, तुमचं टायरचं भांडण दुसऱ्या नंबरचं आहे. आधी रिम. या गाडीच्या हबचा (चाक ज्यावर बसतं तो भाग) मधला उंचवटा ५४.१ मिमीचा. बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक बहुधा ६७.१ किंवा ७३.१ असतं, सगळ्या गाड्यांना बसावं म्हणून. मधल्या जागेत रिंग घातली नाही तर चाक नुसतं नटांवर मध्यात येतं. थोडं जरी सरकून बसलं की ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं, मग लोक बॅलन्सिंगवाल्याला शिव्या देतात. रिंग स्वस्तात मिळते, पण बरोबर मापाची लागते.

दुसरं, रिमच्या मागे ईटी आणि पुढे आकडा कोरलेला असतो, म्हणजे हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेर आहे ते. तो कंपनीच्या रिमपेक्षा दहाने कमी असेल तर चाक दहा मिमी बाहेर येतं. त्यात मूळ रिम पाच इंची, तुमची सहा इंची, म्हणजे बाहेरची कडा आणखी बारा-तेरा मिमी पुढे. मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असलं की टायर मडगार्डच्या काठाला घासतो. बाहेर आलेलं चाक बेअरिंगही लवकर खातं. तिसरं, अलॉयचे नट वेगळे लागतात का ते बघा. नटाचा उतार रिमच्या खाचेत पूर्ण बसला पाहिजे. बसत नसेल तर पान्याने कितीही आवळा, तो सैल होणारच.

माझं विचाराल तर अलॉय भाच्याला परत द्या आणि स्टीलवरच १६५/८० नवे टाका. डिझेल गाडी, जुनं सस्पेन्शन, मे महिन्यातलं सोलापूरचं डांबर. स्टीलची रिम वाकली तर ठोकून सरळ होते, अलॉयला चीर गेली तर ती फेकावी लागते.

सम्राट_चौक
बाळेकरांना माझा पाठिंबा, कारण वेगळं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निकाल दिला, कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही. २००९ च्या गाडीला कंपनीचे दोनच पर्याय होते, १६५/८० आणि वरच्या मॉडेलला १८५/७०, दोन्ही आर १४. पुढच्या पिढीच्या गाडीला १५ इंच आलं म्हणून ते तुमच्या गाडीला आपोआप लागू होत नाही. उद्या अपघात झाला आणि विम्याच्या सर्व्हेयरने चाकावर बोट ठेवलं तर काय सांगणार? निदान अलॉय पॉलिसीत नोंदवून घ्या आणि टायरची साइझ लेखी कळवा.

होटगीरोडकर
या मुद्द्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि इथल्या सगळ्यांत हाच मुद्दा मला जड वाटतो. कंपनीला मेल करतो, उत्तर येईल ते पॉलिसीला जोडतो.

अक्कलकोट_नाका
१९५/६० आर १५ चा विचार कोणीच का करत नाही? ६१५ मिमी, मूळ मापापेक्षा एक टक्काही कमी नाही. साइडवॉल ११७, तुमच्या १२० पेक्षा तीनच मिमी कमी. सहा इंची रिमला दोन्ही चालतात. लोड इंडेक्स ८८, म्हणजे एका टायरवर ५६० किलो. पकडही मिळाली आणि रबरही राहिलं.

होटगीरोडकर
साइझ वाईट नाही, ५५ आणि ६० यांत मी केव्हाही ६० घेईन. पण माझी रिम आधीच बाहेर येणार आहे, त्यात दहा मिमी रुंदी कशाला वाढवू? दुसरी गोष्ट स्टेपनीची. जुनी स्टीलची १६५/८० स्टेपनी ६१९.६ ची. १८५/६५ शी ती दोन मिमीच्या आत जुळते. अक्कलकोटच्या वाटेवर रात्री टायर गेला तर तीच चढवून सावकाश घरी येता येतं, पाचवा अलॉय घ्यायला नको.

बाळे_गॅरेज
स्टेपनीचा मुद्दा बरोबर. फक्त स्टीलच्या रिमचे चार जुने नट डिकीत ठेवा, अलॉयचे नट तिथे बसतीलच असं नाही. आणि साइझ कोणतीही घ्या, हवा सकाळी टायर थंड असताना, दारावरच्या स्टिकरप्रमाणे. दुपारी हायवेवरून आल्यावर काटा चार-पाच पॉइंट वर दिसतो. तो बघून हवा काढतात लोक. मग सकाळी टायर बसलेला असतो, कडा वाकत राहते, तापते, आणि फुगा तिथूनच सुरू होतो. विजापूर वेसवाले, तुमच्या ५५ ला तीन वर्षं काही झालं नाही ते तुम्ही हवा सांभाळता म्हणून. सगळे सांभाळत नाहीत.

विजापूर_वेस
दर रविवारी बघतो, खरं आहे. मी ५५ च ठेवणार, मला ती गाडी चालवायला आवडते. पण घरच्यांना घेऊन रात्री फिरणाऱ्याला मी स्वतःहून ५५ सुचवणार नाही, एवढं मान्य करतो.

होटगीरोडकर
काल एका दुकानात १८५/६५ मिळाले. चढवण्याआधी टॉर्च मारून कडेवरचा कोड वाचला, ३२२२. म्हणजे २०२२ चा बत्तिसावा आठवडा. भाव नव्याचाच सांगत होते. नको म्हटलं, ताजा माल मागवलाय, दोन दिवस लागतील.

तोवर त्यांच्याकडचाच एक टायर एका अलॉयवर चढवून, तात्पुरती रिंग घालून पाहिलं. आधी पुढच्या डाव्या बाजूला. स्टेअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवलं, कुठे लागलं नाही. मग तेच चाक मागे लावलं, दुकानातली तीन पोरं मागच्या सीटवर बसवली, डिकीत दोन जुने टायर टाकले आणि समोरच्या गतिरोधकावरून चार वेळा नेली. मी बाहेर वाकून ऐकत होतो. उतरल्यावर मडगार्डच्या काठाला लावलेला खडू तसाच होता. रिमचा ईटी ४० निघाला. बाळेकर, रिंग ७३.१ ची लागतेय, तुमच्याकडे असतील तर चार बाजूला काढून ठेवा, शनिवारी सकाळी येतो.