दिरहम, फिल्स हे शब्द मूळचे अरबीच का?

भाऊ शारजाहून सुट्टीला आला तेव्हा पोरीसाठी सुटी नाणी घेऊन आला, १ दिरहमवर किटलीसारखं काहीतरी आहे, तो म्हणतो दल्ला म्हणतात, कॉफीचं भांडं. दुसरं सातकोनी आहे, तेलविहिरीचे मनोरे असलेलं, त्यावर आकडा म्हणजे शून्य आणि पुढे टिंब! पोरगी विचारतेय शून्याचं नाणं कशाला काढलं? बाकी नावांचं काय, दिरहम, फिल्स अरबीच ना?

—

ते शून्य नाही हो, अरबी पाच आपल्या शून्यासारखाच दिसतो आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसतं टिंब. ५० फिल्स, म्हणजे अर्धा दिरहम. इंग्रजी आकडा नसतो त्यावर, नवीन माणूस हमखास गडबडतो. आधी तेही गोलच होतं, १९९५ ला सातकोनी केलं आणि दिरहमचं नाणंपण तेव्हाच साडेअठ्ठावीस मिमीचं २४ वर आणलं.

—

अरबीत आलेत, मूळचे नाहीत. ग्रीक द्राख्मे, अर्थ मूठभर, ते इराणात द्रह्म झालं आणि अरबीत दिरहम. तेच आपल्याकडे संस्कृतात द्रम्म, कोकणातल्या शिलाहारांच्या लेखांत सापडतं, त्याचं प्राकृतात दम्म आणि मराठीत दाम न् दमडी. म्हणजे दीड दमडीचा माणूस म्हणतो आपण तेव्हा दिरहमच्याच घरातला शब्द वापरतो 😄 फिल्सचं मूळ रोमन-बायझंटाईन फॉलिस, तांब्याचं नाणं. त्याचं अनेकवचन फुलूस, आखातातून आलेले लोक ‘फुलूस माफी’ म्हणतात ना, म्हणजे पैसे नाहीत, तेच ते.

—

दिरहम शब्द जुना असला तरी अमिरातीचं चलन १९७३ चं आहे बरं का. त्याआधी तिथे आपला रुपयाच चालायचा, सोन्याच्या चोरट्या आयातीत रुपये बाहेर जायला लागले म्हणून १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. मग १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं आणि दुबईने कतारसोबत रियाल धरला, अबू धाबीने बहारीनचा दिनार. ओमानमध्ये तर आजही सुट्ट्यांना बैसा म्हणतात, १००० बैसा म्हणजे १ रियाल. बैसा कुठून आला ते काय सांगायला नको, अरबीत प नाही!

—

भारी! पोरीला ५० सांगितलं तर आता म्हणतेय मग शंभर कसं लिहितात. एक काठी आणि दोन टिंबं, बरोबर ना?