मदत हवी आहे : रेगेटॉनच्या दोन अल्बमांच्या खपाची तुलना कशी लिहावी?

नमस्कार. आमच्या स्पॅनिश वर्गाच्या भित्तिपत्रकासाठी मी रेगेटॉन या स्पॅनिश नाचगाण्यांच्या प्रकारावर लेख लिहीत असून त्यासाठी पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरच्या दोन गायकांचे दोन अल्बम निवडले आहेत : डॅडी यँकीचा ‘बारियो फिनो’ आणि बॅड बनीचा ‘उन वेरानो सिन ती’. संगीताविषयीचा भाग लिहून झाला आहे; घोडे अडले आहे ते खपाच्या परिच्छेदापाशी.

१३ जुलै २००४ रोजी आलेला ‘बारियो फिनो’ हा ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या लॅटिन अल्बमांच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झालेला पहिला रेगेटॉन अल्बम. ‘गासोलिना’ हे गाजलेले गाणे त्यातलेच. अमेरिकेत त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि त्या दशकात तिथे सर्वाधिक खपलेला लॅटिन अल्बमही तोच ठरला. ‘उन वेरानो सिन ती’ ६ मे २०२२ रोजी आला. पहिल्या आठवड्यात त्याच्या नावावर २,७४,००० इतका आकडा लागला आणि लॅटिन यादी तर सोडाच, सर्व प्रकारच्या अल्बमांच्या ‘बिलबोर्ड २००’ या मुख्य यादीत तो, सलग नव्हे पण एकूण, १३ आठवडे अव्वल राहिला. हे आकडे मी तक्त्यात ‘विकल्या गेलेल्या प्रती’ या एकाच शीर्षकाखाली मांडले आणि मजकूर तपासणाऱ्या मैत्रिणीने नेमकी तिथेच लाल रेघ ओढली.

तिचे खरे आहे, हे हिशेब करून पाहिल्यावर पटले. त्या २,७४,००० पैकी प्रत्यक्ष विक्री जेमतेम १२,००० च्या आसपास होती. बाकीचा जवळजवळ सगळा आकडा स्ट्रीमिंगचा. त्या वेळच्या नियमाप्रमाणे वर्गणीदारांनी अल्बममधली गाणी १,२५० वेळा, किंवा फुकट, जाहिरातींसह ऐकणाऱ्यांनी ३,७५० वेळा वाजवली, की एक अल्बम खपला असे धरत. या अल्बममध्ये २३ गाणी आहेत. म्हणजे एखाद्या वर्गणीदाराने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ५४ वेळा ऐकला तरी १,२४२ च भरतात. ५५व्या फेरीत ‘नेवेरिता’ हे आठवे गाणे लागते तेव्हा कुठे एक ‘प्रत’ पुरी होते. २००४ मध्ये दुकानातून सीडी घेऊन ती एकदाही न ऐकणाऱ्याचीही एक प्रत मोजली जात होती!

आता प्रश्न असा, की या दोन्हींना मिळून मराठीत एखादा शब्द वापरता येईल का? आणि त्याऐवजी ‘प्लॅटिनम’ हा मानच समान माप म्हणून घेतला तर चालेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ : प्लॅटिनमच्या वाटेला जाऊ नये, तिथे घोटाळा अधिक आहे. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेचे नेहमीचे प्लॅटिनम दहा लाखांना मिळते, पण लॅटिन संगीतासाठी तिचा वेगळा मान आहे आणि तो ६०,००० वरच मिळतो. शिवाय कंपनीने स्वतः अर्ज केल्याशिवाय हे मान मिळत नाहीत. आपण जुन्या अल्बमसाठी ‘प्रती’ आणि नव्यासाठी ‘एकके’ असे दोन शब्द, दोन वेगळ्या रकान्यांत ठेवावेत. वाचकाला तुलना हवीच असेल तर मुख्य यादीतील क्रमांक द्यावा : ‘बारियो फिनो’ २६ पर्यंत चढला होता. तिथेही एक तळटीप हवी, कारण त्या यादीत स्ट्रीमिंग धरू लागले ते २०१४ च्या डिसेंबरापासून. जाता जाता : १९९५ मध्ये पोर्तो रिकोच्या पोलिसांनी दुकानांवर छापे घालून याच संगीताच्या कॅसेट जप्त केल्या होत्या. त्या काळी हातोहात फिरलेल्या कॅसेटींची मोजदाद कोणत्याच यादीत सापडणार नाही, तेव्हा ‘रेगेटॉनचा खप २००४ पासून सुरू झाला’ असे वाक्य लेखात असेल तर तेही काढावे.

धागाकर्ती : मनःपूर्वक आभार. ते वाक्य होते, आणि चक्क पहिलेच होते. ते काढले आहे. रकाने वेगळे केले असून ‘एकक’ म्हणजे काय हे सांगण्यासाठी ५५व्या फेरीचे उदाहरण तळटीपेत घातले आहे. भित्तिपत्रकाच्या कागदावर मात्र आता दोनच बोटे जागा उरली आहे, त्यामुळे गायकांची छायाचित्रे लहान करावी लागणार.