बाबांनी गावाबद्दल विकिपीडियावर लिहिलं, आता जागोजागी 'संदर्भ हवा'. काय करू?

माणदेशी_पोर:
बाबा रिटायर्ड मास्तर, गाव माण तालुक्यातलं. मराठी विकिपीडियावर गावाचा लेख होता पण दोनच ओळी, तालुका जिल्हा की संपला. बाबांनी आठवडाभर बसून यात्रा, कुस्त्यांचं मैदान, १९७२ च्या दुष्काळात खणलेला पाझर तलाव असं सगळं लिहिलं, टाइप मी करून दिलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर निम्म्या ओळींपुढे 'संदर्भ हवा' आणि 'आमचे निसर्गरम्य गाव' वाला परिच्छेद गायब. बाबा म्हणतात त्या तलावावर मी स्वतः पाट्या उचलल्यात, मला कसला पुरावा मागता. काय सांगू त्यांना? आणि ते प्रचालक, म्हणजे विकिपीडियाची देखरेख करणारे, पगारी असतात का?

धूळपाटीवाला:
पगार कसला राव, चहा पण घरचाच. सगळे हौशी, रात्री जेवणं झाल्यावर 'अलीकडील बदल' उघडून बसणारे, आणि मराठीत ते मोजकेच. त्याच माणसाने कुणी लिहिलेली शिवी काढायची, नगरसेवकाची जाहिरात काढायची आणि तुझ्या बाबांचं पण तपासायचं, मग समजावत बसायला वेळ कुठला, 'संदर्भ हवा' चा तयार साचा चिकटवतो आणि पुढे जातो. नवीन माणसाच्या मनाला ते लागतं हे मान्य. पण गायब काही झालेलं नाही, 'इतिहास' वर टिचकी मार, बाबांचा शब्द न् शब्द तिथे आहे. ज्याने काढलं त्याच्या चर्चा पानावर विचार, शेवटी चार टिल्ड (~~~~) टाक म्हणजे सही येते. फक्त तेच तेच परत टाकू नको, त्यात बरोबर असलेला पण ब्लॉक होतो.

उचलेगिरी_बंद:
मी नवीन असताना विश्वकोशातले अख्खे परिच्छेद उचलून टाकले होते, वाटलं मराठीचीच सेवा चाललीय. प्रताधिकार (कॉपीराइट) म्हणून सगळे उडाले, उडायलाच हवे होते. बाबांचं निदान स्वतःचं आहे. पण 'मी बघितलंय' का चालत नाही तर उद्या शेजारच्या गावचा येऊन म्हणेल तलाव आमच्या लोकांनी खणला, आणि तो पण डोळ्यांनीच बघितलेलं सांगणार, मग तिसऱ्याने कुणाचं धरायचं? तरी एक खटकतंच. १८८५ चं सातारा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचं पुस्तक, इंग्रज सरकारने छापलं म्हणून तो संदर्भ, आणि मास्तर जन्मभर गावात राहिले ते नाही. आपल्याकडचं निम्मं गाव छापलंच गेलेलं नाही हो, यावर उपाय कुणाकडेच नाही.

लायब्ररीतली_ताई:
लिंकच पाहिजे असं काही नाही. यात्रेची, कुस्त्यांची बातमी पेपरात आली असेल तर पेपरचं नाव, तारीख, पान नंबर लिहा, चालतं. लोकसंख्येला २०११ ची जनगणना. तलावाचा फोटो बाबांनी स्वतः काढून कॉमन्सवर (विकिपीडियाचे फोटो ठेवायची साइट) टाकावा, व्हॉट्सॲपवर आलेला नको. निसर्गरम्य मात्र विसरा, महाराष्ट्रातलं प्रत्येक गाव निसर्गरम्यच असतं 😄

माणदेशी_पोर:
बाबांना शेजारच्या गावाचं उदाहरण सांगितलं. म्हणाले, ते तर अजून पण तसंच म्हणतात! आता पेपरांची जुनी कात्रणं शोधायला माळ्यावर चढलेत, खाली यायचं नाव नाही.