पाठ असलेलं ऐन पेपरात का आठवत नाही? कॉर्टिसॉल आणि पाळीबद्दल प्रश्न

समुपदेशक, कॉलेज रोड
नीटची मुलं आदल्या रात्री धडाधड सांगतात, पेपरात अडकतात आणि घरी आल्यावर तेच पुन्हा आठवतं. यात कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचा (हार्मोनचा) वाटा किती? मुलींमध्ये पाळीनुसार फरक पडतो का? पालकांना नेमकं काय सांगू?

शरीरक्रियाशास्त्र, म्हसरूळ
घरी आठवतं म्हणजे साठवलेलं शाबूत आहे, बाहेर काढताना अडतंय. ॲड्रेनलिन काही सेकंदांत उसळतं. कॉर्टिसॉलला शिखर गाठायला साधारण २० ते ३० मिनिटं लागतात. १९९८च्या एका प्रयोगात उंदरांना पाण्याखाली लपवलेला चौथरा शोधायला शिकवलं होतं. चाचणीच्या ३० मिनिटं आधी शॉक दिला तर ते जागा विसरले. २ मिनिटं किंवा ४ तास आधी दिला तर नाही. उंदरांमधलं कॉर्टिसॉलसारखं संप्रेरक तयार होऊ न देणारं औषध दिल्यावर ३० मिनिटांवाल्यांनाही जागा आठवली. उलट, ताण शिकताना किंवा शिकल्यावर लगेच आला तर ती आठवण पक्की होते. म्हणून गेटवर खाल्लेला ओरडा वर्षानुवर्षं लक्षात राहतो आणि सूत्र मात्र ऐनवेळी सापडत नाही.

अंतःस्रावी, गंगापूर रोड
पाळीबद्दल: पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात ताणानंतरचं मुक्त कॉर्टिसॉल (प्रथिनाला न बांधलेलं, प्रत्यक्ष काम करणारं) साधारण पुरुषांइतकं वाढतं, पूर्वार्धात कमी. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या कॉर्टिसॉलला बांधून ठेवणारं प्रथिन वाढवतात, त्यामुळे मुक्त कॉर्टिसॉलची उसळी बोथट होते. पण यावरून एखाद्या मुलीचे गुण सांगता येत नाहीत. ‘पाळी आली, आता विसरशील’ हे वाक्य घरात कुणी उच्चारूच नये, तोच एक ताण होतो.

समुपदेशक, कॉलेज रोड
आभारी आहे. मग परीक्षेच्या दिवशी काय करायचं?

शरीरक्रियाशास्त्र, म्हसरूळ
पेपर दोनला, गेट दीडला बंद. म्हणजे धावपळ नेमकी त्या घातक अर्ध्या तासात येते. नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीतून जायचं असेल तर तास-दीड तास जास्तीचा धरा, केंद्र आदल्या दिवशी बघून ठेवा. गेटवर प्रश्न विचारू नका. सवय नसलेली कडक कॉफी नको, तिनेही कॉर्टिसॉल वाढतं. पेपर हातात आल्यावर सोप्या जीवशास्त्रापासून सुरुवात.

खरं काम मात्र आधीच्या महिन्यांतलं. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहायचं, मग तपासायचं. २०१६च्या एका अभ्यासात असं आठवून शिकलेलं ताणातही टिकलं, नुसतं पुन्हा वाचलेलं घसरलं.

अंतःस्रावी, गंगापूर रोड
एक भर. धडधड थांबवायला कुणाच्या तरी सांगण्यावरून प्रोप्रॅनोलॉल देऊ नका, दमा असेल तर ते धोक्याचं आहे. आणि दम्यासाठी प्रेडनिसोलोन (कॉर्टिसॉलसारखं काम करणारं स्टिरॉइड) चालू असेल, तर ‘स्मरणावर परिणाम होतो’ या कारणाने ते स्वतःहून बंद करू नका. आधी डॉक्टरांशी बोला.