मूतखडा एका उपचारात हटत नाही तेव्हा : सीमाभागातील अनुभव

धागाप्रवर्तक, टिळकवाडी, बेळगाव

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मूतखड्याने कधी ना कधी लोळवलेला माणूस प्रत्येकाच्या गोतावळ्यात सापडतोच. हुलग्याचे माडगे, पानफुटीचे पान आणि भरपूर पाणी यांवर खडा पडून गेला असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा अनुभव खोटा नसतो, कारण चार-पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे फारसे काही न करताही पडून जातात. हा धागा मात्र ज्यांचा खडा हलला नाही, फुटला नाही किंवा काढूनही पुन्हा झाला, त्यांच्यासाठी आहे. खडा कोठे होता, केवढा होता, कोणता उपचार झाला आणि त्यानंतर काय उरले, एवढे जरी आले तरी पुढच्या माणसाच्या उपयोगी पडेल. रुग्णालयांची आणि डॉक्टरांची नावे कृपया देऊ नयेत.

सुरुवात माझ्याच खड्यापासून करतो. डाव्या मूत्रपिंडाच्या अगदी तळच्या कप्प्यात १४ मिलिमीटरचा खडा होता आणि मिरजेला जाऊन बाहेरून लहरींचा मारा करून तो फोडण्याचे ठरले. या उपचारात चिरफाड नसल्यामुळे तो सर्वांनाच सोपा वाटतो. पाठीखाली पाण्याने भरलेली उशी होती, शेजारच्या पडद्यावर खड्याची सावली दिसत होती आणि एका लयीत बसणाऱ्या प्रत्येक ठोक्याला बरगडीखाली रबर ताणून सोडल्यासारखे वाटत होते. घरी आल्यावर लघवी चहाच्या गाळणीतून गाळण्यास सांगितले होते. गाळणीत पहिल्यांदा वाळूसारखे थोडे कण आले आणि मग काहीच येईना. नंतर केलेल्या सीटी स्कॅनमध्ये खड्याची घनता १२०० हाउन्सफील्डच्या वर निघाली. हा आकडा साधारण हजाराच्या पुढे गेला की लहरींनी खडा फुटण्याची शक्यता बरीच घटते आणि फुटला तरी तळच्या कप्प्यातले तुकडे वर चढून बाहेर पडणे कठीण असते. शेवटी मूत्रमार्गातून थेट मूत्रपिंडापर्यंत जाणारी लवचिक दुर्बीण घालून लेसरने त्याची भुकटी करावी लागली. कणांच्या तपासणीत तो कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेट, म्हणजे खड्यांमधली कठीण जात, असल्याचे कळले. लहरींच्या उपचाराला होकार देण्याआधी घनतेचा हा आकडा विचारून घ्यावा, असे मला वाटते.

फाउंड्री कामगार, उद्यमबाग

माझा खडा एक्स-रेमध्ये दिसतच नव्हता. भट्टीजवळच्या पाळीत अंगातले पाणी घामावाटे जाते आणि लघवी दिवसातून एक-दोनदा, तीही गडद पिवळी होते, हे आमच्याकडे कोणालाच नवे नाही. उजव्या कुशीत उठणारी कळ जांघेपर्यंत उतरायची, तरीही एक्स-रे स्वच्छ आल्यामुळे बराच काळ वायूची औषधे चालू राहिली. अखेर सीटी स्कॅनमध्ये मूत्रपिंडात खडा दिसला आणि डॉक्टरांनी तो युरिक ॲसिडचा असावा असे सांगितले. या जातीचा खडा साध्या एक्स-रेला दिसत नाही, परंतु औषधाने विरघळू शकणारी मुख्य जातही हीच आहे.

मला लघवीची आम्लता कमी करणारे पोटॅशियम सायट्रेटचे पातळ औषध आणि ती आम्लता मोजण्याच्या कागदी पट्ट्या मिळाल्या. कारखान्याच्या स्वच्छतागृहात पट्टी भिजवून खिडकीच्या उजेडात डबीवरच्या रंगांशी ताडून पाहावी लागे, आणि बाहेर रांग लागलेली असली की सहकारी काय काय बोलत ते येथे लिहिण्यासारखे नाही. पट्टीवरचा आकडा (पीएच; तो जितका मोठा तितकी आम्लता कमी) साडेसहा ते सातच्या दरम्यान राहिला पाहिजे, असे सांगितले होते. तो सातच्या वर नेऊन उपयोग नसतो, कारण मग फॉस्फेटचे खडे धरण्याचा धोका असतो. काही महिन्यांनी केलेल्या सोनोग्राफीत खडा उरला नव्हता. ज्यांना मूत्रपिंडाचा जुना विकार आहे किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू आहेत, त्यांच्या रक्तातील पोटॅशियम या औषधाने वाढू शकते. त्यामुळे ते दुकानातून परस्पर आणून घेऊ नये.

शिक्षिका, निपाणी

हा अनुभव माझ्या आईचा आहे. तिचे अर्धे आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेले. तेथे बायकांना जायला नीट जागा नव्हती, म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचे नाही ही सवय तिच्या पिढीतल्या सगळ्यांना लागली होती. तिला वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग व्हायचा आणि दर वेळी गोळ्यांवर भागवले जायचे. कळ अशी तिला कधी आलीच नाही, नुसती कंबर धरायची. सोनोग्राफी झाली तेव्हा मूत्रपिंडाच्या सगळ्या कप्प्यांत फांद्या फुटलेला, सांबराच्या शिंगाच्या आकाराचा खडा निघाला. काही जिवाणू लघवीतल्या युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतात आणि त्यातून असा खडा वाढत जातो.

दोन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या खड्यासाठी पाठीतून छोटे छिद्र पाडून दुर्बीण थेट मूत्रपिंडात नेतात. आईवरही तीच शस्त्रक्रिया झाली, पण आधी लघवीचे कल्चर, म्हणजे त्यात कोणते जंतू वाढतात याची तपासणी, करून, त्यानुसार प्रतिजैविके देऊन मगच. पाठीतून निघालेली नळी आणि तिला जोडलेली पिशवी पाहून ती घाबरली होती. पिशवीतला लाल रंग हळूहळू गुलाबी आणि मग पिवळा होत गेला, तसतशी तिची भीतीही ओसरली. एका बैठकीत सगळा खडा निघाला नाही आणि नातेवाइकांनी लगेच डॉक्टरांना नावे ठेवली. वास्तविक या जातीचा बारीकसा तुकडा मागे राहिला तरी त्यातले जिवाणू खडा पुन्हा वाढवतात, म्हणून दुसरी बैठक आवश्यकच होती.

खर्चाविषयीही लिहिते, कारण आपल्या भागात तो प्रश्न गुंतागुंतीचा आहे. कर्नाटकची योजना वेगळी, महाराष्ट्राची वेगळी, आणि सीमाभागातील ८६५ गावांना आपली आरोग्य योजना लागू करण्याचा महाराष्ट्राचा २०२३ चा निर्णय पुन्हा राजकीय वादात सापडलेला. कोणत्या रुग्णालयात कोणते कार्ड चालते, हे दाखल होण्यापूर्वी तेथील योजनेच्या खिडकीवर विचारावे. संमतीपत्र कन्नडमध्ये होते आणि आईला ते वाचता येत नव्हते. परिचारिकेने ते मराठीत समजावून सांगेपर्यंत आम्ही अंगठा उठवू दिला नाही. तिनेही त्याबद्दल कुरकुर केली नाही.

शेतकरी, खानापूर तालुका

माझ्या वडिलांना मधुमेह आहे. मूत्रवाहिनीत खडा अडकलेला असतानाच त्यांना हुडहुडी भरून ताप आला. बाहेर पावसाचा नुसता धिंगाणा चालला होता आणि गाडी मिळवून बेळगाव गाठेपर्यंत ते असंबद्ध बोलू लागले होते. रुग्णालयात डॉक्टरांनी खडा काढण्यास साफ नकार दिला आणि फक्त आत नळी, म्हणजे स्टेंट, घालून वडिलांना अतिदक्षता विभागात हलवले. एवढी धावपळ करून खडा तसाच ठेवला, म्हणून आम्हा भावांचा पारा चढला होता. खड्यामागे तुंबलेल्या लघवीत पू झालेला असताना त्याच्याशी झटापट केली तर जंतू रक्तात पसरून जीव जाऊ शकतो, म्हणून आधी तुंबलेले मोकळे करायचे आणि खडा नंतर पाहायचा, असे डॉक्टरांनी आम्हाला शांतपणे समजावले. खडा पुढे, ताप पूर्ण उतरल्यानंतर, दुर्बिणीने काढला. मूतखडा असलेल्या माणसाला थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट पाहू नये.

औषध दुकानदार, चिकोडी

वर स्टेंटचा उल्लेख आला, म्हणून लिहितो. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जाणारी, दोन्ही टोकांना वळलेली ही मऊ नळी आत असेपर्यंत वारंवार लघवीला होणे, धावपळ केल्यावर लघवी लालसर होणे आणि लघवी करताना कुशीत ओढ बसणे हे त्रास नेहमीचे आहेत. टॅम्सुलोसिनसारख्या गोळीने अनेकांना आराम पडतो. खरा धोका नळी विसरली जाण्याचा आहे. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या पोटात ती वर्षाहून अधिक काळ राहिली. त्याचा त्रास कमी झाला होता आणि डिस्चार्जच्या कागदावर कोपऱ्यात इंग्रजीत लिहिलेली ओळ त्याला कोणी वाचून दाखवली नव्हती. नळीवरच खड्याचे थर चढले आणि ती काढायला स्वतंत्र शस्त्रक्रिया लागली. सर्वसाधारणपणे ती तीन महिन्यांच्या आत काढतात किंवा बदलतात. आता असा कागद घेऊन कोणी आले की मी नळी काढण्याची तारीख औषधाच्या पाकिटावर ठळक मराठीत लिहून देतो.

दुसरे असे की, कळ आली की डायक्लोफेनॅकची गोळी मागण्याची आपल्याकडे पद्धत आहे. कळेवर ती गुणकारी आहे, पण ज्यांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात साठणारा घटक) वाढलेले आहे त्यांच्या मूत्रपिंडाला ती अपाय करते. मी नाही म्हटले तर माणसे पलीकडच्या दुकानात जातात.

गृहिणी, संकेश्वर

मला तरुण वयापासून दोन्ही बाजूंना खडे होत आले. एक काढला की वर्ष-दोन वर्षांत दुसरा ठरलेला. कॅल्शियमचा खडा म्हणून घरच्यांनी दूध-दही बंद केले होते, जे उलट आहे. जेवणातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला, म्हणजे अन्नातून येणाऱ्या आणि लघवीत कॅल्शियमशी मिळून खडा बनवणाऱ्या घटकाला, धरून ठेवते, ते कमी केले तर लघवीतले ऑक्झलेट वाढते. कमी करायचे असते ते मीठ, आणि आपल्या घरात लोणचे, पापड, सांडगे यांतून किती मीठ पोटात जाते हे मोजायला बसले तर जेवण थांबेल.

नव्या डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी साठवून तपासायला सांगितली. सासू-सासऱ्यांच्या घरात पाच लिटरचा कॅन न्हाणीघराच्या कोपऱ्यात ठेवून दिवस काढणे किती अवघड असते, हे बायकांना सांगायला नको. त्याबरोबरच्या रक्ततपासणीत कॅल्शियम आणि पॅराथायरॉइडचे संप्रेरक दोन्ही वाढलेले निघाले. मानेतील थायरॉइडमागच्या चार बारीक ग्रंथींपैकी एक वाढून हाडांतले कॅल्शियम रक्तात ओतत होती. ती ग्रंथी काढल्यानंतर नवा खडा धरलेला नाही. जुना एक डाव्या बाजूला अजून आहे, त्यावर दर वर्षी सोनोग्राफीने लक्ष ठेवतात. ज्यांना कमी वयात किंवा दोन्ही बाजूंना पुन्हा पुन्हा खडे होतात, त्यांनी रक्तातील कॅल्शियम एकदा तरी तपासून घ्यावे. ही साधी तपासणी तालुक्याच्या प्रयोगशाळेतही होते.